मर्टल, ऑड्युबॉन आणि भावडबारीचा घाट

गणपती उठले की आठ-पंधरा दिवसांत आमच्या गंगापूर रोडच्या बिल्डिंगमागच्या कडुलिंबात एक आवाज सुरू होतो, चि-वी, चि-वी, तुटक आणि जरा चिडका, आणि तो मग पार एप्रिलपर्यंत चालू राहतो. आवाज करणारा दिसायला अवघड. सात-आठ ग्रॅमचा जीव, पाठ मळकट हिरवी, पोट पांढुरकं, डोळ्यावर फिकट भुवई आणि पंखावर एक बारीकशी पट्टी, ती पण उजेड नीट असला तरच. ग्रीनिश वॉर्बलर. मराठीत कोणी हिरवट वटवट्या म्हणतं, कोणी पर्ण वटवट्या. रशिया नाहीतर मध्य आशियातल्या कुठल्यातरी जंगलातून हा उडत येतो आणि आमच्या कडुलिंबाचा एक तुकडा आपला म्हणून धरून बसतो, त्याच्याच जातीचा दुसरा आला की हाकलून लावतो. बँकेतून रिटायर झाल्यापासून माझा सकाळचा चहा त्याच्या सोबतीनेच होतो, त्यामुळे वॉर्बलर म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे हाच येतो.

तर दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमधे भाचीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. ती तेव्हा न्यू जर्सीत होती, ख्रिसमसच्या सुट्टीत मैत्रिणींबरोबर केप मे म्हणून समुद्राकाठचं ठिकाण आहे तिथे गेली होती आणि पार्किंगलगतच्या झुडपात हा पक्षी तिला दिसला. तपकिरी, रेघारेघांचा, बघितल्यावर चिमणीच वाटावी असा, पण उडायच्या बेतात असताना फोटो निघालाय त्यामुळे शेपटीच्या वर कमरेवर पिवळाधमक ठिपका दिसतोय. खाली तिने लिहिलं होतं, "मावशी, ॲप म्हणतंय यलो-रम्प्ड वॉर्बलर. म्हणजे तुझ्या कडुलिंबवाल्याचा भाऊ ना हा?"

मी पण पटकन हो म्हणून टाकलं असतं. पण म्हटलं बघून घेऊ, आणि तिथून जे वाचायला बसले ते अजून संपलेलं नाहीये.

पहिली गोष्ट म्हणजे भाऊ नाही. युरोपातून अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तिथे झाडाच्या पानापानांत किडे शोधत फिरणारे, पातळ चोचीचे छोटे पक्षी बघितले आणि आपल्या गावाकडच्या वॉर्बलरचंच नाव त्यांना देऊन टाकलं. माणूस परमुलखात गेला की असंच करतो. पण तिकडचे वॉर्बलर वेगळ्याच कुळातले आहेत, त्या कुळाचं नाव पॅरुलिडी, जवळपास एकशेवीस प्रजाती, सगळ्या फक्त अमेरिका खंडांतल्या. पंखाच्या टोकाकडची मोठी पिसं मोजली तर आपल्या वटवट्यांना दहा असतात, दहावं लहान असतं पण असतं, आणि या लोकांना कामाची नऊच. नऊ पिसांवाल्यांचा एक मोठा गोतावळा आहे आणि त्यात कोण येतं तर आपले भारीट! दिवाळीनंतर सिन्नर-निफाडकडे शेतांवर काळ्या डोक्याच्या भारिटांचे थवे उतरतात ना, पिवळ्या पोटाचे, दाणे खाणारे, ते. म्हणजे केप मेच्या झुडपातला तो वॉर्बलर माझ्या कडुलिंबवाल्याला कितीतरी लांबचा आणि बाजरीच्या कणसावर बसलेल्या भारिटाला त्यामानाने जवळचा. पातळ चोच आणि पानांतली चपळाई बघून फसायला होतं, पण धंदा एक म्हणजे घराणं एक असं नसतं. किडे टिपायचं काम दोघांना मिळालं म्हणून दोघं सारखे दिसायला लागले.

भाचीला मी हे सगळं तासभर फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अगं पण मग हा थंडीत इथे करतोय काय? बाकीचे सगळे तर दक्षिणेला गेले ना?"

बरोबर विचारलं तिनं. अमेरिकन वॉर्बलर बहुतेक सगळे किड्यांवर जगणारे, त्यामुळे थंडी पडायच्या आत ते मेक्सिको, कॅरिबियन बेटं, काही तर दक्षिण अमेरिकेपर्यंत जातात. हा मात्र मागे राहतो. सगळेच राहतात असं नाही, याचे भाईबंद पनामापर्यंत पण जातात, पण अटलांटिक किनाऱ्यावर जिथे बर्फ पडतं तिथेसुद्धा हा भर हिवाळ्यात टिकतो, आणि त्याचं कारण त्या झुडपात आहे. त्या झुडपाचं नाव बेबेरी, त्याचीच एक दक्षिणेकडची बहीण म्हणजे वॅक्स मर्टल. फांदीला चिकटून मिऱ्याएवढी राखाडी फळं लागतात आणि त्यांच्यावर घट्ट मेणाचा थर असतो, जुन्या काळी तिथले लोक ती फळं उकळून त्याच्या मेणबत्त्या करायचे. आता मेण कोणाला पचतं? आपल्याला नाही, बहुतेक पक्ष्यांनाही नाही. याला पचतं. १९९२ मधे याच्यावर एक अभ्यास छापून आला, त्यात दिसलं की बेबेरीच्या मेणातला ८० टक्क्यांहून जास्त भाग हा पक्षी अंगी लावतो. त्याच्या पित्ताशयात पित्त फार दाट असतं, अन्न आतड्यातून सावकाश सरकतं आणि अर्धवट पचलेलं आतड्यातून परत मागे पेषणीत, म्हणजे पोटाच्या दळणाऱ्या भागात, जातं, म्हणजे गुरासारखा रवंथ नव्हे पण आतल्या आत एक फेरी जास्तीची. बारा-तेरा ग्रॅमच्या पक्ष्याच्या पोटात एवढी यंत्रणा! आपल्या निफाडला थंडीची लाट आली की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, दोन-चार दिवसांच्या गारठ्यासाठी आपली ही धावपळ, आणि हा पक्षी मेण खाऊन बर्फात राहतो.

या मर्टलवरूनच त्याला मर्टल वॉर्बलर म्हणायचे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे तेच महत्त्वाचं आहे.

पुढच्या वर्षी भाचीची नोकरी बदलली आणि ती सिअ‍ॅटलला गेली. म्हणजे देशाच्या एकदम दुसऱ्या टोकाला, पॅसिफिककडे. मार्चमधे तिचा परत फोटो. "मावशी, तोच गं, पिवळ्या कमरेचा, पण काहीतरी वेगळा दिसतोय." मी चष्मा लावून दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले. आता हा विणीच्या पिसाऱ्यात आलेला नर होता त्यामुळे रंग खुललेला, राखी-काळा, डोक्यावर पिवळा टिळा, दोन्ही कुशींना पिवळं, कमरेवर पिवळं. आणि गळापण पिवळा! केप मेचा होता त्याचा गळा पांढरा होता. मी नेटवर मर्टलचा वसंतातला नर काढून बघितला, त्याचा पण गळा पांढराच, शिवाय डोळ्यावर बारीक पांढरी भुवई आणि गाल काळा, आणि तो पांढरा गळा गालाच्या मागून वर वळलेला. सिअ‍ॅटलवाल्याला भुवई नाही, आणि पंखावर पांढरं भरपूर, मोठा डागच्या डागच. पिवळे डाग मोजले तर पूर्वेचा चार डागांचा आणि पश्चिमेचा पाच. ॲपवर मात्र दोघांचं नाव एकच, यलो-रम्प्ड, फक्त कंसात एकाला मर्टल आणि दुसऱ्याला ऑड्युबॉन्स.

मग हे एक की दोन? माझा सगळा उन्हाळा या प्रश्नात गेला आणि खरं सांगते, गेल्या कित्येक वर्षांत एवढं मन लावून मी काही वाचलं नव्हतं.

आधी नावांची कथा सांगते कारण ती मला फार आवडली. पूर्वेच्या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं लिनियसनं, प्राण्या-वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून दिली त्यानं, १७६६ मधे, आणि नाव काय तर मोटासिला कोरोनाटा. कोरोनाटा म्हणजे मुकुटवाला, डोक्यावरच्या पिवळ्या टिळ्यामुळे. पण मोटासिला? मोटासिला म्हणजे आपला धोबी! थंडीत रामकुंडाच्या पायऱ्यांवर शेपूट हलवत फिरतो तो. लिनियसच्या काळात पातळ चोचीचा लहान पक्षी दिसला की मोटासिलात टाकायची पद्धतच होती, आपले वटवटे पण त्याच डब्यात. गंमत अशी की धोबीसुद्धा नऊ पिसांवाल्यांच्याच बाजूचा निघाला, म्हणजे नकळत का होईना तो वटवट्यापेक्षा जवळच्या घरी गेला. पश्चिमेचा पिवळ्या गळ्याचा पक्षी शास्त्राला कळला १८३७ मधे, जॉन कर्क टाउनसेंडनं कोलंबिया नदीच्या जंगलांतून त्याचं वर्णन केलं आणि नाव दिलं सिल्विया ऑड्युबोनी, त्यातलं ऑड्युबोनी हे पक्षीचित्रकार ऑड्युबॉनवरून. सिल्विया हे युरोपातल्या वॉर्बलरांचं नाव, म्हणजे परत तीच गफलत. पुढे दोघं डेंड्रॉइका या जीनसमधे, म्हणजे कुळाच्या आतल्या एका लहान गटात, गेले, डेंड्रॉइका म्हणजे झाडावर राहणारा, आणि तिथे ते दीडशे वर्षं सुखाने राहिले. मग २०१० मधे सगळ्या पॅरुलिडी कुळाच्या डीएनएची तपासणी छापून आली, तेव्हा लक्षात आलं की अमेरिकन रेडस्टार्ट नावाचा एक पक्षी जो सेटोफागा या वेगळ्या जीनसमधे एकटाच ठेवला होता तो खरं तर डेंड्रॉइकांच्या अगदी मधेच बसतो. मग दोन्ही जीनस एक करणं आलं, आणि नियम असा की जे नाव जुनं ते टिकतं. सेटोफागा १८२७ चं, डेंड्रॉइका १८४२ चं. त्यामुळे २०११ मधे झाडावर राहणारे सगळेच्या सगळे एका दिवसात पतंग खाणारे झाले, सेटोफागाचा अर्थ तो. जुनी पुस्तकं एका झटक्यात जुनी झाली. लोकांनी कुरकूर केली असणार, पण मला तो नियम न्याय्य वाटतो, कोण मोठं कोण लहान, कोणाची संख्या जास्त ते बघायचं नाही, आधी कोणी लिहिलं ते बघायचं.

तर नावं अशी बदलत होती तरी मर्टल आणि ऑड्युबॉन या दोन वेगळ्या प्रजाती आहेत यावर कोणाचं दुमत नव्हतं. मर्टलची वीण उत्तरेच्या सूचिपर्णी जंगलांत, अलास्कापासून कॅनडा ओलांडून न्यूफाउंडलँडपर्यंत आणि खाली न्यू इंग्लंडच्या डोंगरांत. ऑड्युबॉनची वीण पश्चिमेच्या पर्वतांत, ब्रिटिश कोलंबियापासून खाली. थंडीत मर्टल आग्नेय अमेरिकेकडे, कॅरिबियनकडे, मध्य अमेरिकेत जातो, तर ऑड्युबॉन पॅसिफिक किनारा आणि मेक्सिकोकडे. अलास्कातले काही मर्टल पॅसिफिकच्या बाजूने उतरतात, त्यामुळे सिअ‍ॅटलला हिवाळ्यात दोन्ही एका झाडावर दिसू शकतात, भाचीला मी ते शोधायला लावलंय. आणि प्रवास रात्रीचा, बऱ्याच छोट्या पक्ष्यांसारखा. मर्टल तर इतका भटक्या की १९५५ च्या जानेवारीत एक वाट चुकून इंग्लंडमधे डेव्हन परगण्यात एका घरच्या दाण्याच्या टेबलावर येऊन बसला होता, अख्खा अटलांटिक ओलांडून!

मग झालं काय, की कॅनडात रॉकी पर्वताच्या खिंडींमधे दोघांची हद्द एकमेकांना भिडते. बर्फयुगात मधे हिमनद्या होत्या, पूर्वेचे पूर्वेला अडकले, पश्चिमेचे पश्चिमेला, हजारो वर्षं गाठ नाही. बर्फ वितळलं, जंगल परत वर चढलं, पक्षी जंगलाच्या मागे गेले आणि अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियाच्या सीमेवरच्या खिंडींत पाहुण्यांची परत भेट झाली. त्यांनी एकमेकांना परकं मानलं नाही, सरळ संसार थाटले. हबर्ड नावाच्या शास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात त्या खिंडींमधले पक्षी तपासले तर मिश्र पिल्लं भरपूर, गळा धड पांढरा नाही धड पिवळा नाही, भुवई अर्धीच. त्या काळचा विचार असा की जे सर्रास एकमेकांत लग्न करतात ते एकच. म्हणून १९७३ मधे अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञांच्या समितीने दोघांना एक करून टाकलं आणि नाव दिलं यलो-रम्प्ड. मर्टलही गेला, ऑड्युबॉनही गेला, राहिली ती कंबर. त्याच १९७३ मधे तिकडचे बाल्टिमोर आणि बुलक्स ओरिओल पण असेच एक केले होते, ते १९९५ मधे परत वेगळे झाले. यलो-रम्प्डचं मात्र भिजत घोंगडं. वेगळे करा असे प्रस्ताव अमेरिकन समितीपुढे नंतर आले पण मंजूर झाले नाहीत, आणि दुसरी एक मोठी जागतिक यादी आहे तिनं मात्र यांना वेगवेगळं धरलं, वर ग्वाटेमालाच्या उंच डोंगरांत कायम राहणारा, स्थलांतर न करणारा एक काळपट पक्षी आहे, गोल्डमन्स, तो पण स्वतंत्र. मेक्सिकोतला काळ्या कपाळाचा अजून एक आहेच. म्हणजे यादी बदलली की पक्षी एकाचे तीन होतात, झाडावर बसलेल्याला पत्ता पण नाही.

इथे मी अडकले होते. एक आहेत म्हणावं तर डोळ्यांना दोन दिसतात, दोन म्हणावं तर संसार एक. आणि मग मला आईचं माहेर आठवलं.

माझ्या आईचं माहेर सटाणा. लहानपणी दर मे महिन्यात आम्ही नाशिकहून एसटीने जायचो, पिंपळगाव, मग सोग्रस फाट्याला महामार्ग सोडायचा, मग भावडबारीचा घाट, घाट उतरला की देवळा आणि पुढे सटाणा. आणि घाटाच्या अल्याड एसटीत लोक बोलायचे ती आमची भाषा, पल्याड अहिराणी. "कथा जाई राहिना?" म्हणून मामा स्टँडवर हाक मारायचे. आहे चं शे झालेलं असायचं, माझं चं मना. आता अहिराणी ही मराठीची बोली की वेगळी भाषा, यावर आमच्या घरात जेवणाच्या ताटावर भांडणं झालेली मी बघितली आहेत. वडील म्हणायचे बोली, आई म्हणायची भाषा. ग्रिअर्सन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण केलं त्यात त्यानं खानदेशी मराठीत टाकलीच नाही, भिल्ली भाषांबरोबर ठेवली, आणि २०११ च्या जनगणनेतही खानदेशी मराठीपेक्षा वेगळी मोजली आणि अहिराणी तिच्यात. पण घाटाच्या दोन्ही बाजूंच्या गावांत सोयरिकी शेकडो वर्षं होतायत, आई स्वतःच त्या घाटातून अल्याड आली, आणि देवळ्याच्या बाजारात उभं राहिलात तर एकाच माणसाच्या एकाच वाक्यात आहे पण ऐकू येतं आणि शे पण. म्हणून सटाण्याची अहिराणी संपली का? नाही. नाशिकची भाषा बदलली का? नाही. मिसळण आहे ती त्या घाटाच्या आजूबाजूच्या पट्ट्यात.

आणि नेमकं हेच २००९ च्या एका अभ्यासात सापडलं तेव्हा मी खुर्चीतून उठलेच. ॲलन ब्रेल्सफर्ड आणि डॅरेन अर्विन या दोघांनी रॉकीजच्या त्या पट्ट्यातले पक्षी परत पकडून तपासले, पिसं आणि डीएनए दोन्ही. त्यांचं म्हणणं असं, की जोडीदार निवडताना हे पक्षी गळ्याचा रंग फारसा बघत नाहीत, मग एवढ्या हजारो वर्षांत मिसळण पसरत पसरत समुद्रापर्यंत जायला हवी होती. ती गेलेली नाही. मिश्र पक्ष्यांचा पट्टा शंभर-दीडशे किलोमीटरचाच आहे आणि हबर्डनं बघितला होता तिथेच अजून आहे. म्हणजे मिश्र पिल्लांना कुठेतरी काहीतरी नडतंय, ती जन्मतात, पण पुढे त्यांची वंशवेल तेवढी फोफावत नाही.

काय नडत असेल? यात मला सगळ्यात जास्त रस आहे कारण इथे स्थलांतर येतं. मर्टलनं जायचं आग्नेयेला, ऑड्युबॉननं दक्षिण-नैर्ऋत्येला. ही दिशा पिल्लाला कोणी शिकवत नाही, आईबाप बरोबर नसतात, पहिल्याच शरद ऋतूत ते रात्री एकटं निघतं आणि अंगात उपजत जी दिशा आहे तिकडे जातं. मग ज्याचा बाप मर्टल आणि आई ऑड्युबॉन त्यानं जायचं कुठे? दोन्हीच्या मधे गेलं तर वाट पर्वतांतून, वाळवंटातून. त्यांच्याच गटानं पुढे पिसांमधले आयसोटोप तपासले, पीस जिथे उगवलं तिथल्या पाण्याची आणि जमिनीची खूण त्या पिसात राहते, आणि त्या पट्ट्याच्या दोन बाजूंचे पक्षी थंडीत वेगवेगळ्या मुलखांत असतात याला त्यातून दुजोरा मिळाला. दिशेचा गोंधळ हेच एकमेव कारण असं कोणी छातीठोक सांगत नाही, पण मला ते फार पटतं. सासर-माहेर दोन्हीकडचा ओढा एकाच छोट्या डोक्यात आणि रात्रीचा रस्ता!

अजून एक गोष्ट, ती वाचून तर मी आईला हाक मारून सांगितली. आईकडून येणारा एक डीएनए असतो, मायटोकॉन्ड्रियाचा. उत्तरेकडच्या ऑड्युबॉनांत तो तपासला तर मर्टलचाच निघाला. गळा पिवळा, पाच डाग, सगळा साज ऑड्युबॉनचा, पण आजीच्या आजीच्या आजीची ओळख पूर्वेची. मेक्सिकोतल्या काळ्या कपाळवाल्यांत मात्र तो वेगळा, जुना. म्हणजे आपण ज्याला ऑड्युबॉन म्हणतो तो कदाचित स्वतःच एका जुन्या मिसळणीतून घडलेला असावा, पूर्वेची थोडी, मेक्सिकोची थोडी, असं २०११ मधे यांनीच मांडलं. आई म्हणाली, "मग काय, माहेरचं जातं का कुठे?"

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले. या अभ्यासातल्या डॅरेन अर्विन यांचं नाव मला ओळखीचं वाटत होतं. दोन दिवस डोक्यात घोळत होतं आणि मग आठवलं. माझा कडुलिंबवाला! २००१ मधे ग्रीनिश वॉर्बलरवर नेचर मासिकात एक गाजलेला अभ्यास आला होता, तो यांचाच. हिमालयाच्या दक्षिण उतारावर ग्रीनिश वॉर्बलर विणीला असतात. तिथून पश्चिमेकडून वर निघालं, काश्मीर, मध्य आशिया करत सायबेरिया, तर गाणं हळूहळू बदलत जातं, लांब आणि अवघड होत जातं. पूर्वेकडून चीनमधून वर गेलं तरी तसंच, पण वेगळ्या तऱ्हेनं. मधे तिबेटचं ओसाड पठार, तिथे जंगलच नाही म्हणून पक्षीही नाही. असं अर्धं-अर्धं वर्तुळ दोन्हीकडून फिरून दोन टोकं मध्य सायबेरियात भेटतात आणि तिथे हे एकमेकांच्या गाण्याला ओळखच देत नाहीत. रेकॉर्ड केलेलं गाणं ऐकवलं तर समोरचा ढिम्म हलत नाही, जणू कोणी परक्या भाषेत बोलतंय. शेजारच्या गावाचं शेजारच्याला कळतं, त्याचं पुढच्याला, पण दोन टोकांची माणसं एकमेकांसमोर आली की मुकी. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात त्याचं इतकं चपखल उदाहरण मी दुसरं बघितलं नाही. नंतर २०१४ मधे जीनोम, म्हणजे सगळाच डीएनए, तपासला तेव्हा त्या वर्तुळात पूर्वी काही ठिकाणी खंड पडलेला होता असं पण निघालं, वर्तुळ वाटलं होतं तितकं सलग नाही, आणि हे त्यांनी स्वतःच छापलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

आमच्या कडुलिंबावर येतो तो त्या वर्तुळाच्या पश्चिम टोकाकडचा, एका पट्टीचा. पूर्वेचा थंडीत आग्नेय आशियात जातो. म्हणजे इथे पण तेच, हद्दीवर टोकं भिडतात आणि थंडीतली घरं मात्र दोन दिशांना. तिकडे दिसायला वेगळे आणि संसार एक, इकडे दिसायला जवळपास सारखे आणि संसार वेगळे. इतकी वर्षं मी चहा पीत ज्याच्याकडे बघत होते त्याला बघून ज्या माणसाला प्रश्न पडला, तोच माणूस तोच प्रश्न घेऊन भाचीच्या पिवळ्या कमरेवाल्याकडे गेला होता. भाऊ ना, असं ती विचारत होती, तर नातं असंही असतं.

मला कोणी विचारलं तर मी म्हणेन की दोन आहेत. मर्टल वेगळा, ऑड्युबॉन वेगळा. समित्यांचं त्यांच्यापाशी, त्यांचेही नियम आहेत आणि ते नियम मनमानी नाहीत हे आता मला कळतं. पण ज्याचा गळा वेगळा, साद वेगळी, थंडीतलं गाव वेगळं, आणि मिसळूनही जो आपल्या घाटाच्या अल्याड-पल्याड आपला राहतो, त्याला त्याचं नाव असावं.

यंदा जूनमधे भाची आणि जावई गाडी घेऊन कॅनडात रॉकीज बघायला गेले होते. मी तिला निघायच्या आधीच सांगून ठेवलं होतं, कॅलगरीच्या पश्चिमेला कॅननास्किस म्हणून खोरं आहे, तिथे थांब, पाइन-स्प्रूसच्या झाडांत वर बघ, पिवळी कंबर दिसली की बाकी काही बघू नको, गळा बघ. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी आपल्याकडच्या पहाटे तीन-चार फोटो आले, थोडे हललेले. कंबर पिवळी, टिळा पिवळा, डोळ्यावर भुवईची एक तुटकी रेघ. गळ्याला वरच्या बाजूला पिवळं आणि ते खाली जाताना पांढऱ्यात विरघळलेलं. ॲपवर तिनं निवडलेलं नाव पण पाठवलं होतं, मर्टल गुणिले ऑड्युबॉन्स.

आई उठली तशी मी तिला फोन दाखवला, मोठा करून, गळ्यावर बोट ठेवून. आईनं बराच वेळ बघितलं, चष्मा काढून परत बघितलं आणि म्हणाली, "हाऊ ते देवळाना शे."